फडक्यात न अडकणारं

आमच्या घरात पाणी गाळायचं फडकं देवाच्या वस्त्राइतकं जपतात. जाड, दुहेरी, हंड्याच्या तोंडापेक्षा बरंच मोठं. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि ती जिवाणी परत विहिरीत सोडायची. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात. आत्याबाईंनी पन्नास वर्षं हे केलं. बुडाला कडी असलेली त्यांची पितळी कळशी अजून माझ्याकडे आहे. वरून ओतलं तर जीव आपटतात, म्हणून ती पाण्याला टेकवून मगच उपडी करायची.

त्या फडक्यातून पेट्रोल मात्र बिनबोभाट खाली उतरलं.

श्रावणात वास सुरू झाला. मागच्या खोलीतली भाडेकरीण म्हणाली, "वहिनी, घागरीला रॉकेलचा वास मारतोय की ओ." रॉकेल आता कुणाच्या घरात आहे? चार दिवस आम्ही बायका एकमेकींच्या घागरी हुंगत होतो. पुरुषांना काही वास येईना. त्यांना आमटी करपल्याचाही येत नाही, ते सोडा. शेवटी माझा पुतण्या आला. भूजलाचं शिकलेला पोरगा. त्याने दोरीला बांधलेली एक पारदर्शक नळी विहिरीत सोडली, वर काढली आणि उन्हात धरली. खाली पाणी आणि वर तेलकट, इंद्रधनुषी पापुद्रा. "काकू, आजपासून हे पाणी बंद. अंघोळीलासुद्धा."

मी विचारलं, उकळलं तर? तो म्हणाला, उकळलं की ते पाण्यातून उठून तुमच्या स्वयंपाकघरात येईल, एवढंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला, चढावर, एक जुना पेट्रोल पंप आहे. पंपाचं पेट्रोल जमिनीखालच्या लोखंडी टाक्यांत असतं. टाकी एकेरी पत्र्याची असली की वर्षानुवर्षं ओल खाऊन गंजते. कित्येकदा टाकी धड असते आणि तिला जोडलेल्या नळाचा सांधाच पाझरत असतो. रोज सकाळी टाकीत काठी घालून डिप मोजतात, विक्रीशी ताळा घालतात. थोडी तूट आली तर "उडून गेलं" म्हणतात. थोडं उडतंच. पण रोजचं थोडं थोडं जमिनीत गेलं तर? बेळगावची तांबडी माती आणि खालचा भोकाभोकांचा जांभा, त्यातून उतरायला कितीसा वेळ! पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली जातं आणि मातीला चिकटून बसतं. पावसाळ्यात पाणी चढलं की पुन्हा वर येतं. आम्हाला श्रावणात वास आला तो त्यामुळे.

आणि वास येतो तो भाग बरा म्हणायचा, कारण तो कळतो. पेट्रोलमधलं बेंझीन पाण्यात विरघळतं, दिसत नाही, आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्का असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. मी कला शाखेची, पण वहीवर हिशेब मांडला: एका लिटर पेट्रोलमधलं तेवढं बेंझीन सगळं पाण्यात उतरलं, तर आठ लाखांहून जास्त लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. दहा हजार लिटरचे ऐंशीच्या वर टँकर! पुतण्याकडून दोनदा तपासून घेतलं.

अडचण वेगळीच होती. पंपाचे मालक आपल्यातलेच. बस्तीच्या बांधकामाला हात सैल सोडणारे. महिला मंडळात एकीनं मला बाजूला घेतलं. "अगं, कशाला अर्जबिर्ज? घरातल्या घरात मिटव. विहीर बुजवून नळावर भागव." मी म्हटलं, विहीर बुजवली म्हणून खालचं पाणी थांबतं का? उताराला आणखी सात घरं आहेत, त्यांत दोन घरी तान्ही पोरं. पाण्यात दिसत नाहीत अशा जिवांसाठी आपण फडकी धुतो, मग ही पोरं तर डोळ्यांना दिसतात. ती काही बोलली नाही. अर्जावर मात्र तिनेच सहावी सही केली.

त्यानंतर काम कसं चालतं ते पाहिलं. आधी पंपाभोवती आणि उताराकडे बारीक बोअर मारले. प्रत्येकातली माती आणि पाणी तपासून डाग कुठवर पसरलाय त्याचा नकाशा केला. टाकी रिकामी करून उकरून काढली. भोक हरभऱ्याएवढं. काळी पडलेली, उग्र वासाची माती झाकून नेली. वर तरंगणारं पेट्रोल उपसलं, मातीतली वाफ पंपानं ओढून घेतली, उपसलेलं पाणी कोळशाच्या थरांतून सोडलं. उरलेलं जंतू खातात म्हणे! पेट्रोल खाणारे जीव मातीत असतातच, त्यांना हवा पुरवायची. हे ऐकून मला आत्याबाईंची फार आठवण झाली.

खर्च मोठा, आणि भांडणं त्यावरूनच. अमेरिकेत अशा पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्यात. तिथे 1984 मध्ये कायदा झाला आणि 1986 मध्ये गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून सफाईचा निधी उभा केला. तरी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला 1996 मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या. निम्म्याच्या आसपास पाणी त्यांतूनच येत होतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एक रसायन त्यांत उतरलं होतं. तेल कंपन्यांना पैसे मोजावे लागले, आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात यायला चौदा-पंधरा वर्षं गेली. आपल्याकडे असा निधी असता तर आमच्या मालकांनी पहिले सहा महिने नाही-नाही म्हणण्यात घालवले नसते, असं मला वाटतं. माणूस वाईट नाही, घाबरला होता.

टंचाईच्या वर्षांत आमच्या बेळगावानं जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आम्ही पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. त्या विहिरींच्या आसपास जमिनीखाली काय पुरलंय, याची यादी कुणीतरी करायला हवी.

आमची विहीर अजून बंदच आहे. वास गेलाय, पण दर तीन महिन्यांनी नमुना जातो. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फात ठेवून पाठवायची. गेल्या दोन वेळा बेंझीन कमी होत आलंय, मर्यादेच्या खाली मात्र नाही. तोवर प्यायला नळाचं पाणी. तेही मी फडक्यातून गाळते, पण त्याची जिवाणी सोडायची कुठे, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. पुढची बाटली दिवाळीनंतर जायची आहे.