समान, पण विरुद्ध नाही

बाहेरच्या कशालाही न रेटता स्वतःच पुढे सरकणारं यंत्र म्हणजे शुद्ध फसवणूक, असं माझं पक्कं मत होतं. असा दावा करणाऱ्याचं मी शेवटपर्यंत ऐकूनही घेत नसे. न्यूटनचा तिसरा नियम मी आयुष्यभर शिकवला. 'अ'ने 'ब'ला ढकललं तर 'ब' तेवढ्याच जोराने 'अ'ला उलट ढकलतो, जोडीवरचं एकूण बल शून्य. विषय संपला.

एका मुलीने वर्गात विचारलं होतं, "सर, एका प्रभाराचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो ना? मग त्याच क्षणी दोन्ही बलं समान कशी?" हे अभ्यासक्रमात नाही, असं सांगून मी तिला खाली बसवलं. खरं तर मला उत्तर येत नव्हतं, आणि ते वर्गाला कळू नये म्हणून मी नियमाच्या आड लपलो. शिक्षकाने करू नये असंच ते वागणं होतं.

सांताक्रूझला, वाकोल्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर वरळीच्या दूरदर्शन टॉवरकडे तोंड केलेला जुना अँटेना होता. यागी-उदा पद्धतीचा, म्हणजे १९२६ च्या जपानी कल्पनेवरचा. त्याच्या समांतर नळ्या म्हणजे एकमेकांवर परिणाम करणारे डायपोलच, म्हणजे ज्यांत विद्युतप्रवाह मागे-पुढे दोलतो असे दांडे. असा अँटेना प्रक्षेपण करू लागला तर बहुतेक लाटा एकाच बाजूला पाठवेल, हे मला माहीत होतं. त्यातून पुढे काय निघतं, हे मात्र मी कधी तपासलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा ते कागदावर मांडलं. दोन उभे डायपोल घेतले, सारख्याच ताकदीचे, पाव तरंगलांबीच्या अंतरावर. दुसऱ्याचं दोलन पहिल्यापेक्षा पाव आवर्तन मागे. पहिल्याची लाट दुसऱ्यापर्यंत पोचायला पाव आवर्तनच घेते, म्हणून तिथे दोघांचं जुळतं आणि त्या दिशेला लाट वाढते. दुसऱ्याची लाट पहिल्याकडे येईपर्यंत अर्धं आवर्तन मागे पडलेली असते, म्हणून त्या बाजूला दोन्ही लाटा एकमेकींना पुसतात. इथवर सगळं पुस्तकातलं. मग प्रत्येक डायपोलवर दुसऱ्यामुळे येणारं सरासरी बल काढलं. दोन्ही बलं समान आली. दिशाही एकच आली, दुसऱ्याकडून पहिल्याकडे. चिन्ह चुकलं असेल म्हणून गणित नव्याने मांडलं, दुसऱ्या रीतीने पडताळलं. उत्तर बदललं नाही. बलं समान होती, पण विरुद्ध नव्हती. जोडी स्वतःला ढकलत होती, आणि मी मात्र ते न मानण्यासाठी कारणं शोधत बसलो होतो.

हिशेबात मी तिसऱ्याला, म्हणजे लाटेला, धरलंच नव्हतं. पुढे गेलेली लाट संवेग घेऊन जाते, तेवढाच उलटा संवेग जोडीला मिळतो. त्या मुलीची शंका बरोबर होती. त्या क्षणी दोन बलं समान असायलाच हवीत असं नाही, फरकाचा संवेग दोघांमधल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात असतो.

हे बल अगदी क्षीण. एक किलोवॉट शक्ती पूर्णपणे एकाच दिशेने सोडली तरी जेमतेम ३.३ मायक्रोन्यूटन, एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याचं वजन. पण पायोनियर १० आणि ११ अंतराळयानांचा वेग अपेक्षेपेक्षा किंचित अधिक का घटत होता, या जुन्या कोड्याचं उत्तर २०१२ मध्ये याच जातीचं निघालं. यानांची उष्णता सगळीकडे सारखी बाहेर पडत नव्हती.

बंद पेटीत सूक्ष्मलहरी कोंडून पुढे सरकण्याचा एमड्राइव्हचा दावा मी आजही मानत नाही. ड्रेस्डेनच्या मोजणीत, २०२१ मध्ये, त्याचं बल दिसलं नाही. त्या पेटीतून पुढे काहीच जात नाही, म्हणून मागे काही मिळत नाही. पूर्वी मी अशा दाव्यांना नाही म्हणायचो, तेव्हा हे कारण मला माहीत नव्हतं.