लिव्हरमधले हमाल

वय वर्षं 31, दारूचा थेंब नाही, आणि कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये रिपोर्ट आला : फॅटी लिव्हर, ग्रेड वन! ‘चालायला लागा,’ डॉक्टर म्हणाले. ते लागलोच. पण डोक्यात भुंगा वेगळाच. ही चरबी लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतेच कशी? तिला बाहेर काढायला कुणी नाही?

आहेत ना, हमाल आहेत! आणि त्यांच्यामागे उमेदीची वर्षं घालवणारा शास्त्रज्ञ आपल्या मुंबईतच आहे. रूप मलिक. मूळचे फिजिक्सवाले. कुलाब्याच्या टीआयएफआरमधून पीएचडी, मग कॅलिफोर्नियात जाऊन थेट पेशीत घुसले. परतल्यावर टीआयएफआरमध्येच लॅब, नंतर आयआयटी मुंबई. 2018चं इन्फोसिस प्राइझ मिळालं ते लाइफ सायन्सेसचं. (आमच्याकडे टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटला जातो म्हटलं तरी एचआरच्या कपाळाला आठ्या!)

तर हे हमाल म्हणजे मोटर प्रोटीन्स. पेशीत बारीक नळ्यांचे रूळ असतात, त्यांवरून हे माल ओढतात. कायनेसिन साधारणपणे कडेकडे, डायनीन मध्याकडे. एकाच मालाला दोघं जुंपले की रस्सीखेच. आता गंमत बघा. लेसरच्या चिमट्यात धरून जोर मोजला, तर कायनेसिन 5-6 पिकोन्यूटनचा पैलवान, डायनीन जेमतेम 1चा. (न्यूटनचा लाख-कोटीवा भाग म्हणजे पिकोन्यूटन.) तरी मोठा माल डायनीनच नेतो. कसा? ओझं वाढलं की तो पाऊल आखूड करतो, घाटात गिअर बदलावा तसा. पुढचा हळू झाला की मागचे त्याला गाठतात, आणि सगळे मिळून ओढतात. एकटा कायनेसिन पैलवान खरा, पण टोळीत त्याला हे जमत नाही.

लिव्हरमधली चरबी मात्र कायनेसिनच्याच खात्यात. मलिकांच्या टीमनं उंदरांच्या लिव्हरमधून चरबीचे थेंब काढून काचेवर ठेवले. पोटभर जेवलेल्या उंदराचे थेंब रुळांवर पळत सुटले, उपाशी उंदराचे बसून राहिले. जेवलं की इन्सुलिन वाढतं, ते थेंबांवर कायनेसिन चढवतं. थेंब पेशीच्या कडेला पोचतात, आणि तिथून चरबी बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे? रक्तात! ट्रायग्लिसराइड म्हणून. उपास घडला की शरीरभरची चरबी लिव्हरकडे लोटते, तेव्हा हमालांना सुट्टी देऊन लिव्हर ती अडवून धरतं, रक्तात पूर येऊ नये म्हणून. आणि मी इतके दिवस त्या चरबीला बाहेरचा रस्ता शोधत होतो...