बाग दाखवतेस, तर छाटणीही दाखव

सायखेडा, ता. निफाड

चि. सई,


वाइनच्या जाहिरातीसाठी केलेल्या तुझ्या रील पाहिल्या. टबातली द्राक्षं तुडवणाऱ्या मुली, मागे गंगापूर धरण, हातात उंच ग्लास. काकू म्हणाली, तुडवायचं काम यंत्र करतं ना? करतंच. पण यंत्राची रील कोण बघणार!

पंचविशीतल्या पोरांना वाइनकडे कसं वळवावं, असं विचारलंस. मला द्राक्षं कळतात, तेव्हा त्याच अंगानं लिहितो.

टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही, आपल्या राज्यात तर 1949 चा दारूबंदी कायदाच आडवा येतो. म्हणून बाटली मागे राहते आणि बाग पुढे येते: मुक्काम, सूर्यास्त, गाणी. ही युक्ती तुमच्या फोनच्या आधीची. नाशिकच्या सुला वाइनरीनं 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली, 2008 मध्ये सुलाफेस्ट सुरू केला. इन्स्टाग्राम आलं 2010 मध्ये. आधी माणसं नाशिकला आली, फोटो नंतर. बागेत उभं राहून चार प्रश्न विचारत ज्यानं शेनिन ब्लां वाइन चाखली, तो पुढच्या खेपेला मित्रांना घेऊन येतो. नुसता फोटोला आलेला पुढच्या सुट्टीत दुसरीकडे फोटो काढतो.

तुमची फॅशन महिन्यात बदलते गं. इकडे वाइनची बाग लावली की धड पीक यायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि वेल पुढे पंधरा-वीस वर्षं पोसायचा. या द्राक्षांचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायच्या थॉमसन द्राक्षांशेजारी ठेवलीस तर गिऱ्हाईक हातही लावणार नाही, आणि बेदाण्यालाही ती चालत नाहीत. घेणारी एकटी वाइनरी. 2001 च्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर इथल्या बैठकांत ‘नवी पिढी पिणार’ हेच ऐकत होतो. मग 2008 ची मंदी आली, त्यात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाइनरींच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि आपल्या जिल्ह्यात कित्येकांनी वाइनच्या बागा तोडून टाकल्या. माल घ्यायचे करार कपाटातच राहिले. आपली बाग राहिली ती माल घेणारी वाइनरी तगली म्हणून, माझ्या हुशारीनं नव्हे.

म्हणून म्हणतो, एका हंगामाची गर्दी जमवू नकोस. वेलाइतकं टिकणारं गिऱ्हाईक शोध. त्याला छाटणी दाखव, पावसानंतर पानावर येणारी डाऊनीची बुरशी दाखव. निफाडचा पारा घसरला की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ती धावपळ दाखव. मण्याच्या रसाचा थेंब काचेवर ठेवून ब्रिक्स, म्हणजे साखर, मोजतो, तेही. हे पाहिलेला पोरगा बाटली उचलताना द्राक्षं कुठल्या गावची म्हणून विचारेल. असली रील कमी चालेल, हे मला मान्य आहे. तुझ्या साहेबांना ते पटवणं तुझ्याकडे.

‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ हे मात्र लिहू नकोस. अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. पैसे घेऊन बोलणारी मंडळी असतील तर खाली ‘जाहिरात’ असं ठळक येऊ दे. वाइनला आपल्याकडे 21 वर्षं लागतात, पण आपला दहावीतला ओम तुझी प्रत्येक रील बघतो. खातं उघडताना पोरं खरं वय सांगतात, यावर माझा काडीचा विश्वास नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला आणि तो बेत कसा अडला, आठवतं ना? विरोध करणारे सगळेच ढोंगी नव्हते. दारूनं बसलेली घरं आपल्याही गावात आहेत.

छाटणीच्या दिवसांत ये. छाटून झालं की वेलाच्या डोळ्यांना पेस्ट लावायची असते. त्या कामाला बाया उजाडताच येतात. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नकोस. आणि रोज किती मिळतो, तेही विचार.

तुझा,
काका