पुरं कन्फेशन

बालाघाटला आमच्या घरामागच्या मैदानात दिवाळीनंतर पालं पडायची. "बाहेर जाऊ नको रे, पारधी आलेत," आजी म्हणायची. मला तो शब्द राक्षसासारखाच वाटायचा.

आठवीत असताना माझी सायकल गेली. मी म्हणालो, "पालातला एक मुलगा घेऊन गेला." संध्याकाळी मोहल्ल्यातली मोठी माणसं काठ्या घेऊन गेली. सकाळी मैदान रिकामं होतं. चार दिवसांनी सायकल ट्यूशनच्या मागे सापडली. मीच ती तिथे ठेवून मित्राच्या बाबांच्या गाडीवर घरी आलो होतो! कन्फेशनला मी फादरना "खोटं बोललो" एवढंच सांगितलं. कोणाबद्दल, ते नाही.

यंदा 'फ्रँकेनस्टाइन' अभ्यासाला आहे. मेरी शेलीच्या या कादंबरीत (1818) खून करतो राक्षस आणि फाशी जाते निष्पाप जस्टिन. तीही कॅथलिक. कन्फेसर तिला नरकाची भीती घालतो आणि ती न केलेला खून कबूल करते. ते वाचताना मला ती पालं आठवली.

मग गणेश देवींबद्दल वाचलं. जन्म भोरचा, बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक. वर्ग सोडून ते आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांत गेले. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय हलू नका. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. 1998 मध्ये पुरुलियात बुधन सबर पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवींमुळे ते प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात पोचलं. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरमधल्या तरुणांनी 'बुधन' हे नाटक बसवलं. त्यांच्यावरही तोच जन्माचा शिक्का होता.

शेलीचा राक्षस निदान स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. आमच्या मैदानातल्या मुलाला कोणी काही विचारलंच नाही. कोर्ट नाही, साक्ष नाही. माझं एक वाक्य पुरलं.

नाताळात घरी गेलो तेव्हा मैदानाला कंपाउंड झालेलं होतं. माफी मागायला तिथे कोणी नाही. म्हणून राहिलेलं कन्फेशन इथे लिहितोय: मी कोणालाच पाहिलं नव्हतं.