नांगर तेवढा उरला

नोकरीनिमित्त कोपनहेगनला आलो तेव्हा माझं मत पक्कं होतं : जुनं लाकडी जहाज जपणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. न्यूहाउनच्या धक्क्याला एक लाल दीपनौका उभी असे. अंगावर पांढरा क्रूस आणि ठसठशीत अक्षरांत ‘गेसर रेव’. १८९५ साली ओडेन्सला ओकच्या लाकडात बांधलेली, आता डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीची. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी ती दाखवायचो आणि वर ऐकवायचो, “मापं घ्यावीत, कॉम्प्युटरवर मॉडेल करून ठेवावं, दिवा काचेच्या कपाटात लावावा नि बाकीचं मोडीत काढावं. निम्म्या फळ्या बदललेल्या असणार, मग जुनं राहिलं काय?” मला हा मुद्दा बिनतोड वाटे.

तो माझ्या सोयीचाही होता. जयगडजवळ, आमच्या गावी आजोबांचा मचवा होता. ते गेल्यावर दोन पावसाळे तो किनाऱ्यावर उघडा पडला. तिसऱ्या वर्षी मी फोनवरूनच तो फोडून विकायला सांगितला. नांगर तेवढा ठेवून घेतला. तो आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली आहे.

एका हिवाळ्यात त्या दीपनौकेवर एक म्हातारा सुतार काम करताना दिसला. डेकच्या दोन फळ्यांमधलं जुनं डांबर खरवडून तो तिथे पीळ दिलेले तंतू बोथट छिन्नीनं ठोकून बसवत होता. मी माझा मुद्दा टाकला. “यात १८९५चं किती उरलंय?”

हात न थांबवता तो म्हणाला, “कुठल्या दिवशी मोजायचं?”

त्याचा अर्थ घरी येईपर्यंत उलगडत गेला. डेन्मार्कच्या दक्षिण टोकापुढे पाण्याखाली गेसरचा दांडा पसरलाय. अशा ठिकाणी मनोरा बांधणं अवघड, म्हणून जहाजच नांगरून त्याच्या डोलकाठीवर दिवा लावायचा. वादळात बाकीची गलबतं बंदर गाठत, हिनं मात्र साखळीचे हिसके खात तिथंच उभं राहायचं. मग डागडुजीसाठी तिला गोदीत आणत आणि तिच्या जागी राखीव नौका उभी करत. म्हणजे फळ्या नोकरीत असतानाच बदलत होत्या. ‘गेसर रेव’ हे नावही जागेचं, तिचं नव्हे. त्याआधी तिनं इतर जागी काम केलं होतं. तिचा स्वतःचा म्हणावा तो नुसता आकडा, १७. १९७२मध्ये सेवा संपली, तेव्हा तरी ती ‘मूळची’ कुठे होती?

निघताना सुतार आणखी एक बोलला होता : हिला समुद्राचं पाणी सडवत नाही, आभाळातलं सडवतं.

हे तर मला लहानपणापासून ठाऊक होतं! मिरगाआधी आजोबा चार माणसं लावून मचवा वर ओढून घेत आणि झापांनी शाकारत. नारळी पुनव जवळ आली की सांध्यांत कापूस भरणं, तेल देणं सुरू. एकदा त्यांनी बुडाच्या दोन फळ्या बदलल्या. मचवा आता दुसरा झाला, असं गावात कुणाच्या मनातही आलं नाही. तो म्हातारपणानं गेला, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खरं तर तो दोन पावसाळे झापांवाचून गेला. तेव्हा फोन माझ्याकडे होता. झापं टाका, एवढं सांगायला मी तो केला नाही.

प्रत्येक जुनं जहाज वाचवावं, असं मी आजही म्हणणार नाही. पैसा आणि हात, दोन्ही अपुरे पडतात. पण ‘फळ्या नव्या आहेत’ हे कारण मी सोडून दिलंय. फळी बदलणं हाच जहाजाचा संसार. ती बदलायचं थांबलं की संपलं. आणि सुतार तंतू ठोकत होता ती लय कुठल्याही मॉडेलमध्ये उतरणार नव्हती.

पुण्याला घरी कुणी आलं की टीव्हीखाली बोट दाखवून विचारतं. पूर्वी मी कौतुकानं सांगायचो, “आजोबांचा मचवा.” आता म्हणतो, “नांगर आहे.”