दोष कोणाचा?

२०१८ साली कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवले. ती बातमी ऐकून आपाला आणि मला नेमबाजीचे वेड लागले. अब्बांनी आमची नावे नेमबाजीच्या वर्गात घातली. तेथे हवेच्या दाबावर चालणारे एकच पिस्तूल आम्हा दोघांच्या वाट्याला आले.

लक्ष्य १० मीटर दूर असे. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर रुंद! मी डोळे फाडून लक्ष्याकडेच पाहत असे. माझे छर्रे कधी वर, कधी खाली, बहुतेक डावीकडे जात.

"नजर माशीवर ठेव, लक्ष्यावर नको," असे सर रोज सांगत. नळीच्या टोकावर जो उंचवटा असतो, ती माशी. मागे एक खाच असते. माशी खाचेच्या मधोमध दिसावी, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड असावा आणि दोन्हींचे माथे एका रेषेत यावेत. मग लक्ष्य पुसट दिसले तरी चालते. मला हे पटेना. 'पिस्तूलच वाकडे आहे,' असे मी ठरवले. एका संध्याकाळी पिस्तूल पेटीत ठेवताना मी गुपचूप खाचेचा स्क्रू फिरवला.

दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती. पहिली पाळी आपाची होती. तिचे पाचही छर्रे उजवीकडे गेले, पण एकमेकांना चिकटून पडले. आपाचा चेहरा उतरला.

सरांनी माझा कालचा कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला. ते म्हणाले, "हिची भोके एका जागी आहेत. हिची नजर ठीक आहे, खाच हललेली आहे. तुझी भोके मात्र विखुरली आहेत. तो दोष पिस्तुलाचा नाही. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर चुकतो."

माझ्या घशाला कोरड पडली. "सर, स्क्रू मी फिरवला," मी कसाबसा म्हणालो. "आपा, मला माफ कर."

सरांनी खाच जागेवर आणली आणि आपाला पुन्हा संधी दिली. तिची निवड झाली. माझी झाली नाही. घरी येताना आपा एवढेच म्हणाली, "निदान खरे बोललास."

आता मी माशीवरच नजर ठेवतो. नेम चुकला, तर हात स्क्रूकडे जात नाही. आधी स्वतःची चूक शोधतो.