गोराईच्या सहलीला निघताना

परीक्षा संपल्या की लेकरांचा एकच हट्ट असतो: मुंबईला न्या, पाण्याच्या घसरगुंड्या दाखवा. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले होते. ते २०२२ साली बंद पडले, पण शेजारचे १९९८ सालचे वॉटर किंगडम चालू आहे. कष्टकरी घरात अशी सहल वर्षभर पै-पै साठवून एखाद्या वेळीच घडते. ती दवाखान्यात संपू नये, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो.

आम्ही लातूरचे. ऊन आम्हाला नवे नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि मुंबईत ३४ च्या आसपास राहतो. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. इथेच फसगत झाली.

आपल्या घरचा माठ आठवा. माठातले पाणी पाझरते, हवेत वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. आपले अंगही तसेच. घाम वाळला तर अंग थंड होते. मुंबईच्या समुद्रकाठच्या हवेत आधीच ओल भरलेली असते. तिथे घाम निथळतो, पण वाळत नाही. अंगातले पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. म्हणूनच आपल्याकडे चालणारा कूलर तिकडे कुचकामी ठरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात डझनाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली, हे विसरू नये.

आमच्या आईचेच सांगतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात तिने रात्र रात्र जागून घागरी भरल्या. पुढे एका मे महिन्यात वस्तीतली चार कुटुंबे मिळून आम्ही मुंबईला गेलो. होडीच्या रांगेत आम्ही पाण्याची बाटली पुढे केली, तर ती म्हणाली, "ठेव बाबा, परतीला लागंल." तासाभराने ती धक्क्यावरच कोसळली. बाटली पिशवीत भरलेलीच होती. सावलीत नेले, ओल्या पंचाने अंग पुसले, वारा घातला, शुद्धीवर आल्यावर घोट घोट साखर-मिठाचे पाणी पाजले, तेव्हा कुठे ती सावरली. पाणी जपण्याची सवय आपल्या जिल्ह्याने शिकवली. ती चांगलीच आहे, पण सहलीत पाणी पोटात जपावे, पिशवीत नव्हे.

आता पिशवीचे. प्रत्येकाला स्वतंत्र बाटली आणि सोबत ओआरएसच्या पुड्या घ्याव्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. कपडे दोन जोड जादा घ्यावेत. लातूरला तासाभरात वाळणारा सदरा मुंबईत सकाळपर्यंत ओलाच राहतो, आणि ओल्या कपड्याने जांघा सोलतात. रबरी चपला, टोपी आणि दोन पंचे विसरू नयेत. पैसे व ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे.

पाण्याच्या उद्यानात साडी, ओढणी, सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचा पोशाख लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो, पण पाच माणसांचे भाडे जड जाते. आधीच वजिराबादेत किंवा गंजगोलाईत चौकशी करावी. अंगभर, लांब बाह्यांचे पोशाखही असतात, मायबहिणींनी संकोच करू नये. बाहेरचे खाणे अशा ठिकाणी सहसा आत नेऊ देत नाहीत. म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतल्या प्रवासापुरतीच बांधावी. रसभाजी नेऊ नये, दमट हवेत ती लवकर आंबते.

नांदेडकरांना देवगिरी एक्सप्रेस आहे, लातूरकरांना मुंबई एक्सप्रेस. दादरला उतरून लोकलने बोरिवली आणि तिथून खाडी ओलांडून गोराई. रात्रभर प्रवास करून थेट उन्हात उतरू नये. आधी पोटभर खावे, थोडे टेकावे. दुपारी बारा ते तीन सावलीत काढावेत. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर पाणी पाजत बसू नये. अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करावा.

आणि एक कोरडा जोड शेवटपर्यंत राखून ठेवावा. उद्यानाच्या शेजारीच ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. २००९ साली त्याचे उद्घाटन झाले. मधे एकही खांब नसलेल्या त्या दगडी घुमटाखाली आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. दिवसभर दंगा केलेली लेकरेही तिथे आपोआप गप्प होतात.

आमची आई त्या दिवशी एकाही घसरगुंडीवर बसली नाही. पण पॅगोड्यासमोर सावलीत बसून तिने ती राखून ठेवलेली बाटली सगळी रिकामी केली. आता कुठेही निघालो की तीच आधी विचारते, "पाणी पेलास का?"